रिकामा हात दाखवणाऱ्याची बाजू

मराठी वर्तमानपत्रात ‘हातचलाखी’ हा शब्द कोणत्या पानावर भेटतो ते एकदा बघा. बसस्थानकावर म्हातारीच्या गळ्यातली पोत गेली, एटीएमसमोर कुणाचं कार्ड बदललं, सराफाच्या दुकानातून अंगठी लांबवली, की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत तो असतोच. कौतुकाच्या बातमीत तो मला सहसा दिसलेला नाही. गायिकेच्या आवाजात जादू आहे असं आपण म्हणतो, पुढाऱ्याच्या भाषणानं सभेवर गारुड केलं असं लिहितो. जादूगाराचे आणि गारुड्याचे शब्द आपल्याला हवे असतात. ज्याच्या बोटांतून ते आले तो माणूस मात्र आपल्या लेखी फार तर पोरांना रमवणारा, नाहीतर संशयित.

मी बत्तीस वर्षं बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर विज्ञान शिकवलं. त्या अनुभवावरून माझं ठाम मत झालं आहे की हातचलाखीची जादू ही नाटक-संगीताच्या तोलाची कला आहे, शासनानं तिला तसं वागवलं पाहिजे, आणि मराठवाड्यातल्या शाळांना तर तिची विज्ञानाच्या तासाइतकीच गरज आहे. यातलं शेवटचं म्हणणं अनेकांना पटत नाही. म्हणून आधी तेच सांगतो.

अंबाजोगाई तालुक्यातल्या एका शाळेवर असताना बहुतेक वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर एक जादूगार यायचा. लुनाच्या कॅरियरला पत्र्याची पेटी, खिशात घड्या पडलेलं परवानगीचं पत्र. पोरामागं एक रुपया. ज्याच्याकडं रुपया नाही त्यानंही बसायचं, हे तो स्वतःच सांगायचा. व्हरांड्यात सतरंजी पडायची, तिच्यावर तीन पितळी वाट्या पालथ्या आणि चिंध्या गुंडाळून केलेल्या बोराएवढ्या गोळ्या. ‘गुरुजी, बाह्या दुमडतो. मागून म्हनू नका, बाहीत व्हतं म्हनून.’ मग दोन्ही तळवे पोरांपुढं धरायचा, बोटं फाकवून, पुढून-मागून. रिकामे. एका वाटीखालची गोळी दुसरीखाली, दुसरीची तिसरीखाली, तिथून पुढच्या रांगेतल्या पोराच्या घट्ट मिटलेल्या मुठीत. शेवटी तिन्ही वाट्या उचलल्या की खाली तीन लिंबं. हे सगळं माझ्यापासून दोन हातांवर घडायचं आणि चार वर्षं बघूनही मला ते कधी पकडता आलं नाही.

खेळ संपल्यावर तो एक वाक्य न चुकता बोलायचा. ‘पोरांनो, ह्यात मंत्र न्हाई, देव न्हाई, भूत न्हाई. ही दहा बोटं हायेत.’

एका वर्षी शेजारच्या गावात एक महाराज आले. रिकाम्या हातातून अंगारा काढून देतात, अशी बातमी पसरली. टेम्पो भरून माणसं जाऊ लागली. आमच्या सातवीच्या वर्गात त्यावर चर्चा चालली होती. मी काही बोलण्याआधीच मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘गुरुजी, आपल्या जादूगारालाबी येतंय की ते.’ त्याला अंगाऱ्याचं रहस्य माहीत नव्हतं. कुणी कधी फोडून सांगितलेलं नव्हतं. तरी त्याचं डोकं नमलं नाही, कारण त्यानं एक गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली होती: आपल्याला कळलं नाही असं काहीतरी एखादा साधा माणूस निव्वळ सरावानं करू शकतो.

माझ्या मते विज्ञानाच्या शिक्षकाला वर्षभर जे साधत नाही ते त्या व्हरांड्यात तासाभरात साधलं होतं. ४२ व्या घटनादुरुस्तीनं १९७६ साली वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेत आलं. परीक्षेत मुलं हे कलम लिहितात. पण हा दृष्टिकोन म्हणजे उत्तरांची पाठ केलेली यादी असा समज आपणच करून दिला आहे. जगातल्या बहुतेक गोष्टींचं उत्तर आपल्यापाशी नसतं. माझ्यापाशीही नाही. उत्तर नसताना न घाबरता, न लोटांगण घालता उभं राहणं, ‘कसं झालं मला माहीत नाही, पण म्हणून ते दैवी ठरत नाही’ असं स्वतःला सांगता येणं, हे त्याचं मूळ आहे. हातचलाखी करणारा कलावंत प्रेक्षकाला नेमकं त्याच जागी उभं करतो, आणि तिथं उभं राहण्यात आनंदही असतो हे दाखवतो.

इथं मला अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या मित्रांशी थोडं बोलायचं आहे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. या कार्यकर्त्यांचे चमत्कारांचे प्रयोग मी माझ्या शाळेत अनेकदा ठेवले. सोडियमचा तुकडा शेंडीत लपवलेला नारळ पाणी शिंपडलं की पेटतो, मिथिल ऑरेंज लावलेल्या सुरीनं लिंबू कापलं की ‘रक्त’ येतं, पोटॅशियम परमँगनेटवर तूप म्हणून ग्लिसरीन ओतलं की मंत्राविना अग्नी प्रकटतो. हे सगळं गावोगाव फोडून सांगितलंच पाहिजे. करणीच्या नारळापायी घरं बसलेली मी पाहिली आहेत.

पण त्याच ओघात वाट्या-गोळ्या, कापून जोडलेली दोरी, बोटांत फिरणारं नाणं यांचीही गुपितं उघडी केली जातात. आता तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींत रोज हेच चालतं. या खेळांनी कुणाला फसवलं? त्यांनी कुणाच्या आजारावर उतारा विकला नाही, कुणाच्या सुनेला करणीवाली ठरवलं नाही. रोमन तत्त्वज्ञ सेनेका यानं जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी एका पत्रात वाट्या-गोट्यांच्या याच खेळाबद्दल लिहिलं आहे: त्यातली फसगतच मला आवडते, ती कशी होते हे कळलं की गोडी जाते. गोडी गेली की कलावंताची भाकरी जाते. म्हणून माझी कसोटी सरळ आहे. जो शक्तीचा दावा करतो त्याचं बिंग फोडावं, जो खेळ म्हणून करतो त्याचं गुपित राखावं.

अडचण अंगाऱ्यापाशी येते, हे मान्य करतो. महाराजांचा अंगारा आणि जादूगाराचं नाणं एकाच तळहाताच्या करामतीतून येतात. एकाचं फोडलं की दुसऱ्याचंही फुटतं. यावर मी बराच विचार केला. मला वाटतं, अशा वेळी फोडून सांगण्यापेक्षा करून दाखवणं जास्त परिणामकारक आहे. जादूगारानं आधी अंगारा काढावा, मग त्याच हातातून नाणं, मग समोरच्या मुलाच्या दप्तरातला खडू, आणि तिन्ही मी माझ्या बोटांनी केलं असं सांगावं. एक रहस्य फोडलं तर मूल त्या एका रहस्यापुरतं सावध होतं. उद्या नवा बाबा नवी करामत घेऊन येईल, तेव्हा ते पुन्हा कोरंच. त्या सातवीतल्या मुलाकडं जे होतं ते कुठल्याही बाबापुढं चाललं असतं.

यामागं मनाचं शास्त्रही आहे. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली. काही माणसं चेंडू फेकाफेकी करत आहेत, पांढऱ्या सदऱ्यांतल्यांनी किती वेळा चेंडू दिला ते मोजा, असं सांगितलं. मध्येच गोरिलाचा वेश घातलेली व्यक्ती चालत आली, छाती बडवून निघून गेली. जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. डोळे उघडे असणं आणि दिसणं यात हे एवढं अंतर आहे, आणि मदारी पिढ्यान्‌पिढ्या त्याच अंतरात संसार करत आले आहेत. आमचा जादूगार म्हणायचा, ‘म्या जिकडं बगतो तिकडंच मान्सं बगत्यात.’ ‘नजरबंदी’ या शब्दाची भीती घालणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की नजर कुणी बांधत नाही, ती आपणच आपल्या हातानं एकाच गोष्टीला बांधतो.

आता त्या माणसाच्या पोटाकडं येऊ.

त्याच्याकडं दीड-दोन एकर कोरडवाहू होती. पाऊस हुकला की नोव्हेंबरात मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन नवरा-बायको ऊसतोडीला जायचे. बीड जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या तळावर पाल. ज्या वर्षी तो आला नाही त्या वर्षी कोयता घेऊन गेला आहे, हे आम्ही समजून जायचो. जत्रांचा आणि शाळांच्या कार्यक्रमांचा हंगाम तोच, आणि ऊसतोडीचाही तोच. परत आल्यावर एकदा त्यानं मला हात दाखवले. तळव्यावर घट्टे, बोटांच्या पेरांना चिरा. ‘गुरुजी, गोळी हातात ऱ्हाती का पडती तेच कळंना.’ तळहातातली वस्तू न पकडल्यासारखी पकडायची तर कातडी मऊ आणि जिवंत लागते. थंडीत कातडी कोरडी पडली तरी गोळी निसटते, म्हणून तो रात्री हाताला तेल चोळून झोपायचा. कोयत्यानंतर हात पुन्हा ठिकाणावर यायला त्याला दोन महिने लागायचे. सतारवादकाच्या बोटांबद्दल असं ऐकलं असतं तर आपण हळहळलो असतो.

अशा कलावंताला आपला कायदा काय म्हणतो ते बघा. मुंबई राज्याच्या काळात, १९५९ साली झालेला भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही आहे. सार्वजनिक जागी गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं किंवा वस्तू विकणं, अशा कोणत्याही निमित्तानं दान मागणं वा घेणं म्हणजे भीक, अशी त्याची व्याख्या आहे. वॉरंटशिवाय अटक करता येते आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं संस्थेत ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ साली या कायद्यातल्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, पण दिल्लीपुरत्या. आपल्याकडं चौकात वाट्या मांडून बसलेला माणूस या व्याख्येत बसतो.

दुसरीकडं २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्कार करून पैसे मिळवणं आणि त्यांचा प्रचार करून लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. फार मोलाचा कायदा आहे. पण तो चालायला फसलेला माणूस तक्रारीला पुढं यावा लागतो, आणि भक्त सहसा येत नाही. दोन्ही कायदे शेजारी ठेवले की मला अस्वस्थ वाटतं. ‘हे माझ्या बोटांचं काम आहे’ असं खरं सांगणारा रस्त्यावर बसल्याबरोबर व्याख्येनं भिकारी ठरू शकतो. ‘ही देवाची कृपा आहे’ असं खोटं सांगणारा मंडपात बसून दक्षिणा घेत राहतो.

या उलट्या हिशोबाचा परिणाम मी जवळून पाहिला. आमच्या जादूगाराकडं एक तरुण शिकायचा. हात विलक्षण होता, गुरूपेक्षा चपळ. तीन-चार वर्षं त्यानं शाळा, वाढदिवस, जत्रा केल्या. मग दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका दरबाराच्या माणसांनी त्याला उचललं. आधी महाराजांना शिकवायला नेलं, पुढं तो तिथलाच झाला. शाळेत दोनशे पोरांपुढं तासभर घाम गाळून जे मिळायचं ते तिथं एका नारळामागं मिळतं. गुरूलाही विचारणा झाली होती. तो गेला नाही, ऊसतोडीला गेला. प्रत्येक माणसानं असं धैर्य दाखवावं अशी अपेक्षा ठेवून समाज चालत नाही. प्रामाणिक कलेत पोट भरत नसेल तर कसलेले हात भोंदूंकडं जाणार, आणि त्या फसवणुकीत आपला वाटा असणार.

रस्त्यावरची परिस्थिती तर आणखी बिकट झाली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. त्यानंतर अनोळखी गावात पेटी घेऊन शिरायला भीती वाटते, असं मला एका फिरत्या खेळकऱ्यानं सांगितलं. गारुडी, बहुरूपी, गोंधळी या जमाती आपल्या राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. यादीत नाव असूनही गावाच्या वेशीवर ओळखपत्र मागितलं जातं आणि तेही पुरत नाही.

हे त्याच मातीत घडतं जिथं पैठणला एकनाथांनी जोशी, गोंधळी, वासुदेव, गारुडी यांचे वेश आणि बोली घेऊन भारुडं रचली. ज्यांना कुणी ओसरीवर बसवत नव्हतं त्यांच्या तोंडी नाथांनी परमार्थ घातला. आज नाथषष्ठीला भारूड मंचावर येतं, त्याला दाद मिळते, आणि ज्याचा आवाज त्या भारुडात आहे तो गारुडी मंडपाबाहेर असतो. शंकराचार्यांनीही मांडूक्यकारिका या वेदान्तग्रंथावरच्या भाष्यात दोर आकाशात फेकून त्यावर चढून जाणाऱ्या मायावीचा दृष्टांत दिला आहे: लोक वर बघत राहतात आणि खरा मायावी जमिनीवरच, न दिसता उभा असतो. तत्त्वज्ञानाला दृष्टांत पुरवणारी ही विद्या आपल्याकडं इतकी जुनी आहे.

जादूगारांची बाजू घेताना त्यांचे दोष झाकायचे नाहीत. रस्त्यावरच्या खेळाच्या शेवटी ताईत आणि अंगठ्या विकणारे मी पाहिलेत. जमुऱ्याच्या, म्हणजे मदतनीस पोराच्या, गळ्यावर सुरी ठेवून ‘जो जागेवरून हलेल त्याच्या तोंडातून रक्त येईल’ असं पोराबाळांना धमकावून पैसे काढणारेही पाहिलेत. ताईत विकला त्या क्षणी तो माणूस कलावंत राहिला नाही, असं मी म्हणेन. ही विद्या सत्तेच्या हाती गेली तर काय होतं याचंही उदाहरण आहे. घड्याळजीचा धंदा सोडून जादूगार झालेला रोबेर-हूदँ हा आधुनिक रंगमंचीय जादूचा मोठा माणूस. फ्रेंच सरकारनं १८५६ साली त्याला अल्जीरियात पाठवलं, तिथल्या फकिरांपेक्षा फ्रेंचांची शक्ती मोठी हे दाखवायला. लोखंडी तळाची पेटी, खाली विद्युतचुंबक, आणि पेटी उचलायला येणारा धडधाकट अरब. तो हरला आणि त्याला वाटलं आपली ताकद काढून घेतली गेली. करामत तीच, पण इथं दावा खोटा होता. म्हणून मान्यतेसोबत अट हवी: भीती घालायची नाही, ताईत विकायचा नाही, शक्तीचा दावा करायचा नाही.

मान्यता मिळालीच नाही असंही नाही. बंगालचे जादूगार पी. सी. सरकार यांना १९६४ साली पद्मश्री मिळाली. पुण्यात जादूगार रघुवीर, त्यांचे पुत्र विजय आणि नातू जितेंद्र अशा तीन पिढ्यांनी महाराष्ट्राला जादू दाखवली. पण ही मोठ्या रंगमंचाची जादू. तिला पेट्या लागतात, सहकारी लागतात, पडदे आणि दिवे लागतात, भांडवल लागतं. सतरंजीवर बसून निव्वळ बोटांनी करायच्या जादूला तो मान लाभला नाही. केरळात तो लाभला. वाळक्कुन्नम नंबूदिरी (१९०३–१९८३) हे तिथं थोर मानले गेले ते मुख्यतः ‘चेप्पुम पंतुम’साठी, म्हणजे आपल्याच वाट्या-गोळ्यांसाठी. पुढं गोपीनाथ मुतुकाड यांनी १९९६ साली तिरुवनंतपुरममध्ये जादूची अकादमी काढली. वाट्या त्याच, बोटं तशीच. फरक समाजाच्या नजरेत आहे.

आपल्याकडं काय होतं त्याचा अनुभव सांगतो. वृद्ध कलावंतांना शासन जे मानधन देतं त्यासाठी एका वयस्क जादूगाराचा अर्ज मी भरून देत होतो. कलाप्रकाराच्या रकान्यात काय लिहावं इथंच अडलो. भजनी, शाहीर, भारूडकार असता तर प्रश्न नव्हता. शेवटी ‘लोककला, इतर’ लिहिलं. अर्ज परत आला, पुरावे अपुरे म्हणून. चाळीस वर्षं शाळांच्या व्हरांड्यात खेळ केलेल्या माणसाकडं बातम्यांची कात्रणं कुठून असणार? त्याच्याकडं मुख्याध्यापकांनी दिलेली वहीच्या पानांवरची शिफारसपत्रं होती. शंभरावर. ती पुरावा म्हणून चालली नाहीत.

शाळेच्या खोल्या गळतात आणि तुम्हाला जादूगाराला पैसे द्यायचेत, असं मला एका सभेत ऐकवण्यात आलं. खोल्या गळतात हे खरं आहे, मी त्या खोल्यांत शिकवलं आहे. पण जादूगाराचे पैसे आजही कुणीतरी देतंच आहे, आणि ते मजुरांची पोरं देतात, खाऊच्या पैशांतून. ते त्यांच्याकडून न घेता शाळेनं वर्षातून एकदा द्यावेत, एवढंच मी मागतो. सोबत भीक प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येतून गाणं, नाच आणि खेळ काढून टाकावेत, मानधनाच्या अर्जात ‘जादू (हातचलाखी)’ असं नाव घालावं, आणि मुख्याध्यापकांची पत्रं पुरावा म्हणून धरावीत.

आणि माळेगाव. लोहा तालुक्यातल्या खंडोबाच्या या यात्रेत दरवर्षी घोड्यांचा बाजार भरतो, कुस्त्यांचा फड होतो, लावणी महोत्सव होतो. नांदेड जिल्हा परिषदेनं त्यातली एक दुपार या लोकांना द्यावी. यात्रेचा मोठा मंच नको, तिथून बोटं दिसत नाहीत. दीडशे-दोनशे माणसांचा छोटा मंडप, जमिनीवर सतरंजी, समोरून उजेड, पुढच्या रांगेत पोरं. पाठीमागं मात्र कुणी बसणार नाही, एवढं पाहावं.